खडोलीचे जांभळे अंगठे

सिल्वाशाला मी सहलीला गेले नव्हते. वनगंगेची बाग, दमणगंगेचा काठ, मधुबनचं धरण यांची वर्णनं हवी असतील तर ती दुसरीकडे मिळतील. मी सह्या गोळा करायला गेले होते, आणि त्या चार दिवसांत माझ्यामुळे एका माणसाचं काम गेलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे वाचताना मी स्वतःची बाजू मांडते आहे असं कोणाला वाटायला नको.

८९ सालचा डिसेंबर. जूनमध्ये बीजिंगच्या चौकात रणगाडे घालून तिथल्या सरकारने स्वतःची पोरं मारली आणि आपल्या दिल्लीने तोंड मिटून घेतलं. त्याआधी रशियाचं सैन्य नऊ वर्षं अफगाणिस्तानात होतं, तेव्हाही आपण असेच गप्प. का, तर तोफा आणि विमानं त्यांच्याकडून येतात. एकीकडे बासष्ट साली आपल्या अंगावर आलेला चीन, दुसरीकडे मित्र म्हणवणारा रशिया. दोघं एकमेकांचे वैरी, पण आपल्याच माणसाचा गळा दाबण्यात दोघं एका शाळेत शिकलेले. आमच्या नाशिकच्या मंडळाने यावर संसदेला द्यायचं निवेदन तयार केलं होतं. मसुदा माझा. मागण्या दोन. चीनशी पुन्हा हात मिळवण्याआधी सरकारने त्या हत्याकांडाचा जाहीर निषेध करावा आणि तिबेटचा विषय बोलण्यांत घ्यावा, ही पहिली. दुसरी, शस्त्रांसाठी रशियावर विसंबून राहणं सोडावं आणि तिथे मतपेटी येत नाही तोवर त्या देशाशी व्यापार आवरता घ्यावा.

सिल्वासा सुचवलं मीच. ही जमीन चोपन्न सालापर्यंत पोर्तुगालच्या हुकूमशाहीखाली होती. या चिमूटभर गावांकडे जायच्या वाटेसाठी पोर्तुगालने आपल्याला हेगच्या न्यायालयात खेचलं होतं. हुकूमशाही म्हणजे काय ते इथल्या माणसांना पुस्तकातून शिकवावं लागणार नाही, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या.

सिल्वासा

वापीहून सिल्वाशाला जाताना आधी दादरा लागतं, मग पुन्हा थोडा गुजरात, मग नगर हवेली. अर्ध्या-पाऊण तासात राज्य तीनदा बदलतं आणि ते कळतं दारूच्या दुकानांवरून. गुजरातेत बंदी, त्यामुळे हद्द संपली की पहिल्या वीस पावलांत बाटल्यांची दुकानं सुरू. त्यामागे नव्या कारखान्यांचे पत्रे, आणि त्याहीमागे वारल्यांच्या कुडाच्या झोपड्या, जणू कोणी त्यांना रांगेत मागे उभं केलंय.

उतरले मालतीबाईंकडे. त्या मूळच्या कुडाळच्या, इथल्या मराठी शाळेत बारा वर्षं शिकवतात. एकट्या राहतात. माझ्या मोठ्या बहिणीच्या मैत्रीण, एवढीच ओळख. पिशवीतली पत्रकं बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चीनला सरळ करायला आलीस होय गो? बरं. आधी ही मेथी निवडून दे."

मेथी निवडता निवडता मी त्यांना सगळं निवेदन वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कुळथाचं पिठलं रटरटत असताना विचारलं, "आणि हे इथे कोणाला सांगणार तू? शाळेतले आम्ही सगळे सरकारी नोकर, आम्ही सही करायचो नाही. उरले वारली आणि खानदेशातून आलेले कामगार."

"तेच हवेत मला," मी म्हटलं.

"हवेत तर खरे," बाई म्हणाल्या. "त्यांनाही तू हवी आहेस का, एवढं बघ."

मला राग आला होता. नोकरीवाल्यांचं हे नेहमीचंच, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंय.

किलवणी

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई मला किलवणीला घेऊन गेल्या, त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांकडे. बुधाबाबा, वारली, सत्तरीचे असतील. अंगणात बसून टोपलीसाठी बांबू सोलत होते. सुनेने नागलीची भाकरी आणि उडदाची पातळ आमटी समोर ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग चौकशा. इथे आधी जेवण, चौकशा नाहीतच. मी कोण, कुठली, हे जेवण संपेपर्यंत कोणी विचारलं नाही.

मी विचारलं, "बाबा, फिरंगी होते तेव्हा कसं होतं?"

"वेठ होती. रस्त्याला न्यायचे," ते म्हणाले. "एकदा माझा अंगठा घेतला. कशावर घेतला ता कोणी सांगितला नाय. दोन सालं रस्त्याला खडी फोडली त्या अंगठ्यापायी."

हेच तर मला हवं होतं. निवेदनाचा कागद आणि शाईचं पॅड पुढे केलं.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. "वाच आधी."

मी वाचलं. त्यांनी पात्याला धार लावावी तसं एकेक वाक्य थांबवून अर्थ विचारला. शेवटी म्हणाले, "त्या मुलखातली माणसा असा कागद करतात का?"

"त्यांना करू देत नाहीत. केला की तुरुंग."

"मंग माझ्या अंगठ्याचा त्यांना कळंल कसा?"

मी म्हटलं, सरकारला कळेल, सरकारवर दबाव येईल, बाहेरच्या देशांना दिसेल. माझी वाक्यं छापील होती आणि ती मलाच ऐकू येत होती. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी बांबू पुन्हा हातात घेतला. "मी नाय देत. तू चांगली हायेस. पण अंगठा मी एकदा दिलाय."

परतताना मी बाईंना म्हणाले, पस्तीस वर्षं झाली तरी भीती जात नाही बघा. सगळ्या सिल्वाशात एकट्या त्या माणसाने माझा कागद वाचून घेतला होता, आणि मी त्याला भित्रा ठरवून मोकळी झाले.

खडोली

मालतीबाईंच्या शेजारच्या खोलीत आसाराम राहायचा, बायको कमल आणि तो. साक्री तालुक्यातला, तिशीचा, सातवीपर्यंत शिकलेला. खडोलीच्या एका होजिअरी कारखान्यात पॅकिंगला होता. मी सह्या घेते आहे म्हटल्यावर म्हणाला, "ताई, घरोघर काय फिरतात? उद्या दुपारी गेटवर या. पहिली पाळी सुटस तव्हा. मी सांगी देतो लोकांले."

सोमवारी दोनला मी फाटकासमोरच्या करंजाच्या झाडाखाली स्टूल मांडलं. भोंगा झाला आणि माणसं बाहेर आली, केसांवर लोकरीचा पांढरा धुरळा, बायकांच्या पदरावर धाग्यांची तुसं. आसारामने पहिली सही केली, पेनने, झोकदार. मग रांगच लागली. अशी रांग मी नाशिकच्या चौकात कधी पाहिली नव्हती. तिथे लोक वाद घालतात, हसतात, घड्याळ बघतात. इथे माणूस पुढे आला की सही किंवा अंगठा आणि चालता झाला. बहुतेक अंगठेच. मी मोठ्याने सांगत होते, "हे चीनमधल्या हत्याकांडाबद्दल आहे," आणि ते माना डोलावत होते. चार मोठे कागद भरले. शाई जांभळी होती, पक्की. माझीही बोटं माखली.

फाटकातून तेवढ्यात एक ट्रक बाहेर पडला. खोक्यांवर उलटीसुलटी दिसणारी अक्षरं.

"हे काय लिहिलंय?" मी आसारामला विचारलं.

"रशियन," तो अभिमानाने म्हणाला. "आमचे मोजे, गंजीफ्रॉक, बठा माल, सगळा, तिकडेच जातो. तठे थंडी फार ना."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. चार कागद भरल्याच्या नादात होते मी.

संध्याकाळी कमलने जेवायला बोलावलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. दोन घासांत डोळ्यांतून पाणी. कमल हसली, "नाशिकवाल्या शेतस ना तुम्ही? इतलंसं तिखट सोसत नही, आन् चीनशी भांडतस!"

मी कागद पसरून दाखवत होते. तेव्हा लक्षात आलं की सहीशेजारी तारखेचा रकाना होता आणि तो चारही कागदांवर कोरा होता. एकानेही तारीख टाकली नव्हती.

"अरे, तारखा राहिल्या," मी म्हटलं.

आसाराम म्हणाला, "तारीख ठेकेदार टाकतो ना ताई."

"कुठला ठेकेदार?"

मग त्याने सांगितलं. कामावर घेताना ठेकेदार तीन कोऱ्या कागदांवर सही घेतो. वर काय लिहायचं ते तो नंतर लिहितो. माणूस नकोसा झाला की एका कागदावर लिहायचं, मी राजीखुशीने काम सोडतो, आणि खाली तारीख टाकायची. सिल्वाशात हे सगळ्यांना माहीत. म्हणून कागद पुढे आला की सही करायची आणि तारखेला हात लावायचा नाही, ही सवय.

"मग आज लोकांना काय वाटलं? मी कोण?"

तो थोडा ओशाळला. "काही म्हणे नवीन ठेकेदारनी बाई शे. काही म्हणे परमनंटना कागद शे. मी सांगितलं, आपल्या ताई शेत, करा."

"आणि तू? तू वाचलंस?"

"तुम्ही बाईंकडच्या," तो म्हणाला. "वाचायचं काय त्यात."

हुकूमशाहीत माणसाची सही त्याची राहत नाही, असं एक वाक्य माझ्याच मसुद्यात होतं. ते वाक्य मला फार आवडायचं.

दुसरी सकाळ

मंगळवारी सकाळी कमल धावत बाईंच्या दारात आली. "ताई, चला. गेटवर लोकं उभी करी ठेवेल शेतस."

ठेकेदाराला रात्रीतूनच बातमी लागली होती की कोणी बाई युनियनची यादी करून गेली. त्याने उपाय सोपा काढला. फाटकात खुर्ची टाकून बसला आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवायला लावला. जांभळा अंगठा दिसला की बाजूला. धुऊन जाणारी शाई मी नेली नव्हती. पन्नास-साठ माणसं भिंतीला उभी होती, निम्म्याहून जास्त बायका. पेनने सही केलेले आत गेले होते, कारण त्यांचे हात स्वच्छ होते.

"या मॅडम," ठेकेदार म्हणाला. चाळिशीचा, पांढऱ्या सफारीतला, आवाज अजिबात न चढवणारा. "यादी बताओ. युनियन आहे ना?"

"युनियन नाही. हे भारताच्या परराष्ट्र धोरणाबद्दलचं निवेदन आहे."

"क्या?"

"चीन आणि रशियाच्या हुकूमशाहीविरुद्ध."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा. मग वाचा. सगळ्यांसमोर वाचा. खरं असेल तर मी आता आत घेतो सगळ्यांना."

मी वाचलं. आणि कसं वाचलं! चौकात वाचते तसं, मान वर करून. पहिली मागणी झाली, तो मान हलवत होता. दुसरी सुरू झाली. रशियाशी व्यापार आवरता घ्यावा, हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग मला आतल्या आवारात उभा ट्रक दिसला, त्यावर कालचीच खोकी चढत होती.

ठेकेदाराने हात वर केला. "बस. म्हणजे या लोकांनी दिल्लीला लिहून दिलं की रशियाला माल देऊ नका. सेठचं गिऱ्हाईक कोण? रशिया. मी सेठला काय सांगू, मॅडम? युनियन असती तर बरी होती."

भिंतीपाशी उभ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण काय केलं होतं ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तेही त्याच्या तोंडून.

"अंगठेवाले दिसतात," तो पुढे म्हणाला. "पेनवाले कोण ते यादीत असेल. आणि तुम्हाला इथे कोणी आणलं तेही. यादी द्या, मी यांना सोडतो."

मी पिशवी छातीशी धरली. "सह्या करणाऱ्यांची नावं गुप्त ठेवणं माझं कर्तव्य आहे."

भिंतीपाशी एक नंदुरबारकडची बाई होती, पन्नाशीची. ती म्हणाली, "दी टाका ना माय. आमनी पाळी चुकी राह्यनी."

"मावशी, त्यात दुसऱ्यांची नावं आहेत."

तिने अंगठा माझ्यासमोर धरला. "मना ते सगळास्ले दिसी राह्यना."

यादी दिली तर पेनवाले जाणार, आसाराम सगळ्यांत आधी; पहिलीच सही त्याची. नाही दिली तर या बायका. मी तिथे उभी होते आणि मला ठरवता येत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी काहीही ठरवलं नाही, हेही लिहून ठेवते.

आसाराम आतून आला. कोणीतरी पॅकिंगमध्ये जाऊन सांगितलं असणार. हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं.

"मी आणलं त्यांले," तो म्हणाला. "लोकं मी बोलावली. परमनंटचा कागद समजून अंगठे दिले त्यास्नी. कोणी वाचेल नही."

"तू वाचला होता?" ठेकेदाराने विचारलं.

"नही."

"वाचल्याशिवाय सही केली?"

"तुमच्याकडे बी तशीच करी होती साहेब."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ठेकेदाराने कारकुनाला फाइल आणायला पाठवलं. एक कागद काढला, खाली आसारामची तीच झोकदार सही. त्याने तिथेच, गुडघ्यावर फाइल ठेवून, वर दोन ओळी लिहिल्या आणि तारीख टाकली. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "चलो, अंदर."

बायका आत गेल्या, झपझप. यादी त्याने पुन्हा मागितली नाही. त्याला हवं ते मिळालं होतं.

आसारामची खोली

दुपारी कमल भांडी पोत्यात भरत होती. माझ्याशी बोलत नव्हती. आसाराम भिंतीला टेकून बसला होता. मी माफी मागितली. त्याने ती घेतली नाही, झिडकारलीही नाही.

"ते वाचा आता," तो म्हणाला. "कशासाठी गेलं ते तरी कळू द्या."

या वेळी मी हळू वाचलं. बीजिंगच्या चौकाशी त्याने थांबवलं. पोरं काय मागत होती? किती दिवस बसली होती? रणगाडा आला तेव्हा पळाली का नाहीत? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. दुसऱ्या मागणीला त्याने डोकं हलवलं. "रशियात मतपेटी नही, हे ठीक. पण माल बंद व्हयना तर आमचं पॅकिंग बंद. तीनशे माणसं. हे लिहिताना तुम्हाले माहीत होतं?"

"नाही."

"मग तुम्ही बी न वाचताच सही केली ना, ताई."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. पहिल्या मागणीपुरती तरी आता समजून सही कर, म्हटलं. आजही आठवलं की लाज वाटते. त्या क्षणीसुद्धा मी सहीच मागत होते.

"आज नही," तो म्हणाला. "आज केली ते रागनी व्हई जाई."

"अजून कितल्या सह्या करशीत?" कमल पोत्याचं तोंड आवळत म्हणाली. तेवढंच बोलली. साक्रीकडे जाणारी बस त्यांनी संध्याकाळच्या आत धरली. मालतीबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांना पोचवायला बाई स्टँडवर गेल्या, मला सोबत नेलं नाही.

नाशिक

परतताना दादऱ्याच्या अलीकडे गुजरात पोलिसांनी बस थांबवली; सिल्वाशाहून येणाऱ्या पिशव्यांत बाटल्या शोधतात. शिपायाने माझी पिशवी उघडली, जांभळ्या अंगठ्यांचे चार कागद उलटसुलट केले.

"दारू नथी?"

"नाही. कागद आहेत."

"कागळ छे तो जवा दो."

मंडळाच्या बैठकीत मी ते चार कागद जोडायला नकार दिला. चिटणीस भडकले. एवढे अंगठे फुकट घालवायचे? दिल्लीत कोण विचारणार आहे, वाचून दिले की न वाचता? मी म्हटलं, मी विचारते आहे. तेव्हा ते म्हणाले, "मग इतर गावांच्या सह्या वाचून केलेल्या आहेत, हे तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. मी तिथे कोणाला विचारलंच नव्हतं. मी ते चारही कागद बैठकीतच फाडले.

चीनबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. उत्तरेची सीमा तिथेच आहे, तिबेट तिथेच आहे आणि दिल्ली अजून गप्प आहे. रशियाबद्दलही मी शांत झालेली नाही. पण व्यापाराचं ते वाक्य मी नाशिकच्या खोलीत बसून लिहिलं होतं. मोजे कोण विणतं आणि खोकी कोण बांधतं, हे आमच्या दहाजणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. वाक्य गाळण्याची सूचना मी मांडली. तिच्या बाजूने माझं एकटीचं मत पडलं.

पंधरा दिवसांनी मालतीबाईंच्या पत्त्यावरून फिरत एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या.

"ताईस नमस्कार. इकडे अजून काम नाही. उसाच्या तोडीला जाऊ असे म्हणतो. विचार केला. चीनचे पटले, पोरे मारायला नको होती, सरकारने बोलावे. रशियाचे पटले नाही. पहिल्या मागणीला माझे नाव घाला, दुसरीला घालू नका. कमल अजून रागावलेली आहे."

खाली सही, आणि सहीखाली तारीख.

चिटणीस म्हणाले, अर्धी सही असा प्रकार नसतो. मंडळाचं निवेदन त्याच्याशिवाय गेलं. मी घरी येऊन कोरा कागद घेतला, त्यावर पहिली मागणी पुन्हा हाताने लिहून काढली, फक्त तेवढीच, आणि पोस्टकार्ड टाचणीने जोडलं. मागणीखाली माझी सही केली, त्या दिवसाची तारीख टाकली आणि पाकीट दिल्लीच्या पत्त्यावर टाकून आले. दोन सह्या होत्या.